नवा टीपीएस टाकूनही धक्के जात नाहीत, तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी २०१० ची, पेट्रोल, एक्सिलेटरला केबल असलेली. तिसऱ्या-चौथ्या गिअरला चाळीसच्या आसपास एकसारखा पाय धरला की झटके देते, पाय दाबला की बऱ्यापैकी पळते. चेक इंजिनचा दिवा दोन दिवस लागतो, मग आपोआप जातो. स्कॅनरवर कोड आला पी०१२२. गॅरेजवाल्याने थ्रॉटल पोझिशन सेन्सर, म्हणजे एक्सिलेटर किती दाबलाय ते सांगणारा टीपीएस, बदलला. काही आठवडे ठीक, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतोय, बाजारातला सेन्सर खराब निघाला, कंपनीचा मागवू. आणि अगदी शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की गाडीला नंतर बाहेरून सीएनजी किट बसवलंय.

दुसरा सेन्सर आज मागवू नका. तो खराब असूही शकतो, पण तुमच्या सगळ्या मजकुरात एकाही ठिकाणी व्होल्टेजचा आकडा नाही. सेन्सरच्या कपलरवर, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगवर, पाच व्होल्ट येतात की नाही, हे कोणी बघितलंय का? बघितलं नसेल तर पहिला सेन्सर अंदाजाने बदललेला आहे आणि दुसराही अंदाजानेच बदलला जाईल. पी०१२२ हा कोड सेन्सर गेल्याचं सांगत नाही. टीपीएसच्या सिग्नलच्या वायरवर ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, अपेक्षेपेक्षा कमी व्होल्टेज दिसलं, एवढंच तो सांगतो. ते कमी का झालं हे शोधणं आपलं काम. त्याला मल्टिमीटर, दोन टाचण्या आणि अर्धा तास पुरतो.

आधी आत काय आहे ते बघू, म्हणजे पुढचे आकडे पाठ करावे लागणार नाहीत. थ्रॉटल बॉडीत हवा अडवणारी चकती असते, गॅरेजमध्ये तिला बटरफ्लाय म्हणतात. एक्सिलेटर दाबला की केबल ती फिरवते. चकतीच्या दांड्याच्या एका टोकाला टीपीएस बसवलेला असतो. तुमच्या काळातल्या बहुतेक गाड्यांत त्याच्या आत कार्बनची अर्धगोल पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारी धातूची जीभ असते. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात हाच भाग असायचा. पट्टी एका जागी झिजली की तेवढ्याच जागी बटण खरखरायचं. इथेही तसंच होतं, फक्त खरखर ऐकू येण्याऐवजी गाडी झटका देते.

वायरी तीन. एकीवर ईसीएम पाच व्होल्ट देतो, एक अर्थची, म्हणजे मायनसची, आणि मधली सिग्नलची. पाय सोडलेला असताना सिग्नल साधारण ०.५ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान, पूर्ण दाबल्यावर ४ ते ४.५ च्या आसपास. नेमके आकडे गाडीगणिक बदलतात, पण घडण हीच. सिग्नल शून्यापासून सुरू होत नाही आणि पाचपर्यंत पोचत नाही, हे मुद्दाम केलेलं असतं. खाली-वर मोकळी जागा सोडली की वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर ईसीएमला ते कळतं. सिग्नल ०.२ च्या आसपास किंवा त्याखाली गेला तर चकती कुठल्याच खऱ्या स्थितीत तेवढा सिग्नल देऊ शकत नाही, म्हणून पी०१२२. वर ४.८ च्या पुढे गेला तर पी०१२३. व्होल्टेज हद्दीत आहे पण इंजिनच्या इतर माहितीशी जुळत नाही, म्हणजे चकती अर्धी उघडी दाखवतेय आणि मॅप सेन्सर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा, म्हणतोय इंजिन आयडलला, पाय न लावता नुसतं फिरतंय, तर पी०१२१. येऊन-जाऊन तुटणारा सिग्नल पकडला तर पी०१२४.

यातली एक गंमत बहुतेक जण चुकवतात. अर्थची वायर तुटली तर सिग्नल शून्य होईल असं वाटतं. होतं उलटं. अर्थ नसेल तर कार्बनच्या पट्टीतून करंट वाहायला वाट राहत नाही, व्होल्टेज कुठेच पडत नाही, आणि चकती कुठेही असो, सिग्नलवर जवळजवळ पूर्ण पाच दिसतात. म्हणजे अर्थ तुटली की कोड ‘जास्त व्होल्टेज’चा, पी०१२३. पाच व्होल्टची वायर तुटली की ‘कमी’चा, पी०१२२. सिग्नलची वायर मधेच तुटली तर ईसीएमच्या आतल्या रचनेवर अवलंबून, पण बऱ्याच गाड्यांत तेव्हाही शून्यच दिसतो. तुमच्या कोडवरून म्हणूनच अर्थच्या तुटलेल्या वायरीवरचा संशय बराच कमी होतो. उरतात चार गोष्टी: पाच व्होल्ट पोचत नाहीत, सिग्नलची वायर तुटलीय, सिग्नलची वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय, किंवा सेन्सर. गॅरेजवाल्याने या चारांपैकी शेवटची आधी बदलली.

आता झटका नेमका का बसतो ते. गाडी चाळीसने चाललीय, इंजिन दोन हजारांच्या आसपास फिरतंय, तुमचा पाय जागेवर आहे. क्षणभर सिग्नल शून्याकडे पडतो. ईसीएमला वाटतं, ड्रायव्हरने एक्सिलेटर सोडला. उतारावर पाय काढल्यावर जसं पेट्रोल तोडतो तसं तो लगेच तोडतो. पुढच्याच क्षणी सिग्नल परत येतो, त्याला वाटतं पाय एकदम दाबला, म्हणून जास्तीचं पेट्रोल सोडतो. तोडणं आणि सोडणं मिळून तुम्हाला पुढे-मागे हिसका बसतो. हे इतकं झटकन होतं की कोड नोंदवायला लागणारा वेळही भरत नाही. म्हणून धक्के रोज आणि दिवा अधूनमधून. आणि दिवा आपोआप जातो म्हणजे दोष गेला असं नाही. साधारण तीन फेऱ्या दोष दिसला नाही की ईसीएम दिवा विझवतो, कोड मात्र आठवणीत ठेवतो. गॅरेजला जायच्या आधी बॅटरीची वायर काढून ‘रिसेट’ करण्याचा सल्ला कोणी दिला असेल तर ऐकू नका. कोडबरोबर त्या क्षणाचं गोठवलेलं चित्रही साठवलेलं असतं: किती आरपीएम होते, इंजिन किती गरम होतं, वेग किती होता. ते पुसलं की अर्धा पुरावा गेला.

इथे तुम्हाला एक उलटा प्रश्न. झटके पायाच्या एका ठरावीक जागेला येतात, की खड्ड्यातून, गतिरोधकावरून, वळणावर जातानाही येतात? पायाच्या ठरावीक जागेला, रस्ता गुळगुळीत असतानाही येत असतील तर पट्टी झिजल्याचं लक्षण. आपल्या गाड्या शहरात बहुतेक वेळ थोड्याशाच उघडलेल्या चकतीवर चालतात, त्यामुळे पट्टी तेवढ्याच पट्ट्यात झिजते. पाय आणखी दाबला की जीभ चांगल्या भागावर जाते आणि गाडी शहाण्यासारखी पळते. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं, म्हणून गॅरेजवाल्याचा पहिला अंदाज अगदीच वावगा नव्हता. पण नवी पट्टी काही आठवड्यांत झिजत नाही. आणि हलक्या पायावर झटका तसाही सगळ्यात जास्त जाणवतो, दोष वायरीत असला तरी.

मग मधले आठवडे गाडी नीट का चालली? सेन्सर बदलायचा म्हणजे कपलर काढायचा, घालायचा. त्यात पिना घासून साफ होतात, हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलतो, तुटत आलेल्या तारा पुन्हा एकमेकींना टेकतात. ‘पार्ट बदलल्यावर काही दिवस बरं वाटलं’ हे वायरिंगच्या दोषाचं मला सगळ्यात ओळखीचं लक्षण आहे.

तपासणीला सुरुवात मोबाईलवरच्या स्कॅनरने केली तरी चालेल, पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. निळ्या-काळ्या डबीतला स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर सेकंदाला मोजकीच रीडिंग आणतो. एका वेळी दहा गोष्टी दाखवायला लावल्या तर त्याहून कमी. दोन रीडिंगांच्या मधे सिग्नल पडून परत आला तर ग्राफ सरळ रेष दाखवणार. सिग्नल पडलेला दिसला तर तो खरा धरा. दिसला नाही म्हणून सेन्सर निर्दोष सुटत नाही. बाकी सगळं बंद करून फक्त थ्रॉटल पोझिशन आणि आरपीएम ठेवा. आणि पाय पूर्ण सोडलेला असताना तिथे १२-१५ टक्के दिसले तर घाबरू नका. तो आकडा पाच व्होल्टचा किती टक्के एवढंच सांगतो, ०.६ व्होल्ट म्हणजे बारा टक्के. याच हिशेबाने पूर्ण पाय दाबल्यावरही शंभर न येता ऐंशी-पंच्याऐंशी येतात. ‘पाय सोडूनही पंधरा टक्के दाखवतो’ म्हणून चांगले सेन्सर काढून फेकलेले मी पाहिलेत.

आता मीटर. डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. कपलर काढा, इग्निशन ऑन करा, इंजिन चालू करू नका. काळी प्रोब बॅटरीच्या मायनसला धरून कपलरच्या तिन्ही पिना बघा. रंगावर विश्वास ठेवू नका, आधी कोणी वायरिंग केलं असेल तर रंगांना काही अर्थ राहत नाही. एकीवर ४.९ ते ५.१ यायला हवेत. ते आले की लाल प्रोब तिथेच ठेवून काळी बाकीच्या दोन पिनांना आळीपाळीने लावा. जिथे पुन्हा पूर्ण पाच दिसतील ती अर्थ. उरलेली सहसा सिग्नलची; दोन्हींवर पाचच्या जवळ दिसले तर मॅन्युअलमध्ये बघून ठरवा. मीटरची प्रोब पिनेत घुसवू नका. पिन पसरते, आणि मग नसलेला दोष तुम्ही स्वतः तयार करता.

पाच व्होल्ट नसतील किंवा दोन-तीनच असतील, तर सेन्सरचा विषय तिथेच मिटला. हीच पाच व्होल्टची लाइन बऱ्याच गाड्यांत मॅप सेन्सरला, कुठे एसीच्या प्रेशर सेन्सरलाही जाते. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे व्होल्ट खाली बसतात. मीटर लावून ठेवा आणि बाकीच्या सेन्सरांचे कपलर एकेक करून काढा. ज्याचा काढल्यावर पाच परत आले तो गुन्हेगार. कुठलाच काढून फरक पडला नाही तर वायर कुठेतरी बॉडीला घासतेय.

पाच आणि अर्थ ठीक असतील तर कपलर परत घाला आणि मागून टाचणी सरकवा. वायर जिथे कपलरमध्ये शिरते तिथल्या रबराच्या कडेने, वायरीला समांतर, हलक्या हाताने. वायरीचं आवरण टोचून भोक पाडू नका. पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी शिरतं. एक टाचणी सिग्नलला, दुसरी सेन्सरच्या अर्थला. दोन्ही एकमेकींना टेकणार नाहीत एवढं बघा. आता पाय सोडलेल्या स्थितीतलं रीडिंग लिहून घ्या. मग थ्रॉटल हाताने, मुंगीच्या चालीने, बंदपासून पूर्ण उघडेपर्यंत फिरवा आणि तसंच परत आणा. आकडा एकसारखा चढत जायला हवा. कुठे अडकला, उडी मारली, मधेच मागे पडला तर ती जागा पुन्हा पुन्हा तपासा, विशेषतः सुरुवातीच्या पाव भागात. हिशेब असा: साधारण साडेतीन व्होल्टमध्ये चकती ऐंशी-एक अंश फिरते, म्हणजे ०.१ व्होल्ट म्हणजे दोन अंशांहून जरा जास्त. आयडलजवळ दोन अंश ही लहान गोष्ट नाही.

डिजिटल मीटर इथे थोडा फसवतो, कारण तो सरासरी काढून आकडा दाखवतो आणि क्षणभराची बुडी गिळून टाकतो. मीटरला मिन-मॅक्सचं बटण असेल तर ते दाबून फिरवा. सगळ्यात खालचा आकडा तो लक्षात ठेवतो, तरी फारच झटकन पडलेला सिग्नल त्यातूनही निसटू शकतो. नसेल तर काट्याचा जुना मीटर कोणाकडे पडलाय का बघा. काटा एकदम थरथरला की डोळ्याला लगेच कळतं. ऑसिलोस्कोप असेल तर प्रश्नच नाही, पण त्यासाठी अडून बसायची गरज नाही. कपलर काढून सेन्सरचे ओहम मोजायची पद्धत मात्र मला फारशी पटत नाही. गार सेन्सर, न हलणारी वायर, नगण्य करंट. ओहम बरोबर येतात आणि रस्त्यावर गाडी झटके देतच राहते.

सिग्नल नीट चढला, उतरला, तरी काम संपलेलं नाही. मीटर लावलेलाच ठेवा आणि हार्नेस हलवा. कपलरपासून सुरुवात करून चार-चार बोटं मागे जात वायर वाकवा, ओढा, पिळा. सेन्सरवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. सगळं थंड असताना बरोबर येत असेल तर इंजिन पूर्ण गरम करून बंद करा आणि पुन्हा इग्निशन ऑन ठेवून हेच करा. बोनेटखालची उष्णता बसल्यावर बरेच दोष तोंड दाखवतात. वायर तुटते ती सहसा ठरलेल्या जागी: कपलरच्या मागे पहिल्या वळणावर, बॅटरीच्या ट्रेखाली, आणि जिथे हार्नेस इंजिनवरून बॉडीवर येतो तिथे, कारण इंजिन हलतं आणि बॉडी हलत नाही. गाडी दोन-चार दिवस उभी राहत असेल तर उंदरांचा विचार आधी करा. उंदराने कुरतडलेली वायर वरून अखंड दिसते, खालच्या बाजूला तांबं उघडं असतं. हात फिरवल्याशिवाय कळत नाही.

आणि आता तुमच्या गाडीपुरतं माझं खरं संशयित. ते सीएनजी किट. बाहेरून बसवलेल्या, विशेषतः जुन्या पद्धतीच्या मिक्सरवाल्या किटांत गॅस किती सोडायचा हे ठरवायला किटच्या डबीला एक्सिलेटरची स्थिती लागते. ती कुठून घेतात? टीपीएसच्या सिग्नलच्या वायरीला फाटा मारून. चांगला फिटर तिथे डाग देऊन, नळी चढवून जोड करतो. घाईतला फिटर आवरण सोलून तारेला तार गुंडाळतो आणि वर काळी टेप. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो, टेप सरकते, पहिल्या पावसात पाणी शिरतं. दोन-तीन वर्षांनी ती टेप सोडवली की आत तांब्याऐवजी हिरवी-काळी पूड हाताला लागते आणि पाच-सात तारांवर सगळा सिग्नल चाललेला असतो. कोकणात, खाऱ्या हवेत, याला दोन-तीन वर्षंही लागत नाहीत. त्या तारा तुटल्या की सिग्नल शून्य: पी०१२२. किटच्या डबीत पाणी जाऊन तिने सिग्नल खाली ओढला तरी पी०१२२. पेट्रोलवर चालवताना धक्के बसतात म्हणून किट सुटलं असं समजू नका. फाटा दोन्ही वेळा तिथेच असतो.

म्हणून टीपीएसच्या कपलरपासून ईसीएमपर्यंतची सिग्नलची वायर नजरेखालून घाला. तीवर टेपचा गोळा किंवा निळा-लाल प्लास्टिकचा दाबून बसवलेला जोड दिसला तर उघडा. किटची फाट्याची वायर वेगळी करून तिचं टोक झाकून ठेवा, मूळ वायर मागेपुढे चांगलं तांबं मिळेपर्यंत कापून डाग देऊन जोडा, आणि आठवडाभर फक्त पेट्रोलवर चालवा. धक्के गेले तर सापडलं. मग किटवाल्याकडून फाटा नीट करून घ्या. फाटा तोडून गॅसवर मात्र चालवू नका, मिश्रणाचं गणित बिघडतं.

जोड सापडलाच नाही तर एक छोटी युक्ती. इग्निशन बंद करून कपलर काढा, पाच व्होल्टची पिन आणि सिग्नलची पिन पातळ तारेच्या तुकड्याने जोडा, इग्निशन ऑन करून स्कॅनरवर थ्रॉटलचं व्होल्टेज बघा. पाचच्या जवळ आलं तर त्या क्षणी वायर आणि ईसीएम दोन्ही ठीक. दोष सेन्सरमध्ये किंवा कपलरच्या पिनेत. आता हीच तार लावून ठेवून हार्नेस पुन्हा हलवा. आकडा पडला की वायर. पिन सैल आहे का हे बघायला सेन्सरच्या पिनेएवढी जाड सुटी पिन घालून बघा, हलकी पकड जाणवायला हवी. ती तार लावण्याआधी तिथे खरोखर पाचच व्होल्ट आहेत याची खात्री करा. सिग्नलच्या वायरीला चुकून बॅटरीचे बारा दिले तर सेन्सरवरून गोष्ट ईसीएमवर जाते. काम झाल्यावर तार काढायला विसरू नका.

टीपीएससारखं वागणारं पण टीपीएस नसलेलंही बरंच असतं. थ्रॉटल बॉडीत चकतीच्या कडेला काळा थर साचला की आयडल वर-खाली होतं, पाय सोडल्यावर गाडी बंद पडते. ती साफसफाईची बाब आहे. इग्निशन कॉइल किंवा प्लग मार खात असेल तर झटका चढावर, जड गिअरला, पाय दाबल्यावर जास्त. तुमच्याकडे उलटं आहे. केबलवाल्या गाडीत वेगळं करायचा एक सोपा मार्ग म्हणजे मोकळ्या रस्त्यावर टीपीएसचा कपलर काढून थोडं अंतर चालवून बघणं. दिवा लागेल, ईसीएम अंदाजाचा ठरावीक आकडा धरून चालवेल, उचल मंद होईल. पण तो ठरावीक झटका पूर्ण गेला तर दोष टीपीएसच्या सर्किटमध्येच आहे. राहिला तर दुसरीकडे बघा. एक वेगळा किस्सा यानिमित्ताने: सिग्नल वरच्या टोकाला, पण पी०१२३ च्या हद्दीखाली अडकलेली गाडी कधी कधी सुरूच होत नाही. स्टार्टर मारताना पाय पूर्ण दाबलेला दिसला की प्लग पेट्रोलने भिजलेत असं समजून बरेच ईसीएम पेट्रोल तोडतात. फ्युएल पंप बदलून झाला, कॉइल बदलून झाली, आणि शेवटी टीपीएसचा कपलर काढल्याबरोबर गाडी सुरू, हे गॅरेजमध्ये होतं.

सेन्सर खरोखरच बदलायची वेळ आली तर बसवताना त्याची खाच दांड्याच्या चपट्या भागात अडकवून, स्प्रिंगचा थोडा ताण घेऊन फिरवून बसवायचा असतो. नुसता ठोकून दाबला तर आतली जीभ वाकते. स्क्रूची भोकं लांबट असतील तर पाय सोडलेल्या स्थितीत मॅन्युअलमधला आकडा येईपर्यंत फिरवून मग आवळा. गोल असतील तर सेटिंग नाही, ईसीएम शिकून घेतो. चकतीच्या थांब्याच्या स्क्रूला, ज्यावर कारखान्याचा रंगाचा ठिपका असतो, हात लावू नका. आयडल कमी वाटलं म्हणून तो फिरवलेला असेल तर टीपीएस कितीही नवा टाका, ईसीएमला पाय सोडलेला कधी कळणारच नाही. आणि थ्रॉटल बॉडी साफ करताना क्लीनरचा फवारा सेन्सरच्या बाजूला मारू नका, दांड्याच्या कडेने आत झिरपून तो पट्टीवरचं वंगण धुऊन काढतो.

ज्यांची गाडी केबलशिवायची आहे त्यांनी यातलं सगळं जसंच्या तसं करू नये. तिथे चकती मोटर फिरवते, टीपीएसचे दोन सिग्नल असतात. बऱ्याच गाड्यांत एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो आणि दोघांची बेरीज पाचच्या आसपास राहते. ते जुळले नाहीत की पी२१३५, आणि गाडी मुकाट्याने कमी ताकदीवर जाते. पेडलच्या दोन सिग्नलांचं जुळलं नाही तर पी२१३८. तो पेडलचा दोष, थ्रॉटल बॉडीचा नाही, तरी बदलली जाते थ्रॉटल बॉडीच. तिथे चालत्या गाडीचा कपलर काढायचा नाही, आणि इग्निशन ऑन असताना चकतीत बोट घालायचं नाही. मोटर बोट ओळखत नाही. बॅटरी कमजोर असतानाही असे कोड येतात, म्हणून आधी बॅटरी आणि अर्थ. बीएस-६ दुचाक्यांतही टीपीएस थ्रॉटल बॉडीवरच असतो आणि बऱ्याचदा सुटा मिळत नाही, त्यामुळे तिथे वायर आणि कपलर तपासल्याशिवाय निकाल देणं फारच महागात पडतं.

तर तुमच्या गाडीचा क्रम: आधी किटचा फाटा, मग पाच व्होल्ट, मग टाचण्या लावून थ्रॉटल हळू फिरवणं, मग हार्नेस हलवणं. चार आकडे कागदावर लिहा: कपलरवरचं पाच व्होल्टचं रीडिंग, पाय सोडलेला सिग्नल, पूर्ण दाबलेला सिग्नल, आणि इंजिन चालू, दिवे-ब्लोअर चालू असताना सेन्सरच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंतचं व्होल्टेज. हे शेवटचं ०.१ च्या वर असेल तर ईसीएमची अर्थ कुठे बोल्टने बसवलीय ती जागा घासून साफ करा. चारही आकडे बरोबर, तार लावूनही स्कॅनरवर शून्यच, आणि कपलरपासून ईसीएमच्या पिनेपर्यंत वायर अखंड, शॉर्ट नाही, असं सगळं एकत्र जमलं तरच ईसीएम उघडायची भाषा करा. गॅरेजवाला त्याआधीच ती करायला लागला तर हा कागद त्याच्यासमोर ठेवा.